चतुःसीमा आणि निळा ठिपका

प्रश्नकर्त्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे मूळ घर देवगड तालुक्यातील एका वाडीत आहे आणि त्या स्वतः डोंबिवलीत वाढल्या. मे महिन्यात आणि गणपतीला त्या न चुकता गावी जातात, पण फोनवरचा नकाशा बंद पडला तर शेवटच्या फाट्यापासून घरापर्यंतची वाट त्यांना सापडत नाही. त्यांच्या आजोबांना मात्र अख्खा गाव अंधारातही पाठ होता. शिवाय नकाशावर त्यांच्या घराची खूण व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे पडलेली दिसते. या तंत्रज्ञानामुळे जागेविषयीची आपली जाणीवच बदलते आहे, की ही नुसती जुन्या दिवसांची हळहळ आहे, असे त्यांनी विचारले आहे.

मी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत जमीन मोजणीच्या कामात तीस वर्षे काढली आहेत. सुरुवात साखळी आणि फलकयंत्राने झाली, मधली वर्षे टोटल स्टेशन या कोन-अंतर मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर गेली आणि आता उपग्रहांवर चालणारे रोव्हर नावाचे मोजणीयंत्र खांद्यावर घेऊन फिरतो. त्यामुळे हा बदल मी लांबून पाहिलेला नाही. माझ्या मते जाणीव नक्कीच बदलली आहे, आणि त्या बदलाचा सर्वांत मोठा भाग असा की जागेचा साक्षीदार बदलला. पूर्वी जागा शेजारी सांगत असे, आता ती आकडा सांगतो. बाकीचे सगळे, म्हणजे वाट विसरणे, नावे पुसणे, व्हाळाच्या पलीकडे पडलेली खूण, हे त्यातूनच येते.

आपल्या घरातील जुन्या ट्रंकेत एखादे खरेदीखत असेल तर ते काढून पाहावे. त्यात 'चतुःसीमा येणेप्रमाणे' असे लिहून पुढे पूर्वेस अमक्याची जमीन, दक्षिणेस व्हाळ, पश्चिमेस पाणंद, उत्तरेस तमक्याचा गडगा (दगडी कुंपण) अशी चार वाक्ये असतील. ही जमीन पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कोठे आहे, हे त्या दस्तात कोठेही लिहिलेले नसते. ती कोणाकोणाच्या मध्ये आहे, एवढेच लिहिलेले असते. म्हणूनच मोजणीच्या दिवशी लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते आणि त्यांनी बांधावर हजर राहावे अशी अपेक्षा असते, कारण ते नसतील तर त्या चार वाक्यांना अर्थच उरत नाही. याच्या उलट, केंद्र सरकारच्या योजनेत प्रत्येक भूखंडाला जो १४ अंकी भू-आधार क्रमांक मिळतो, तो त्या भूखंडाच्या अक्षांश-रेखांशांवरून तयार होतो. त्या क्रमांकाला शेजारी लागत नाही. शेजारी मेला, विकून गेला, मुंबईला स्थायिक झाला, तरी क्रमांक तसाच राहतो. व्यवहाराच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे आणि तिची टिंगल करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. चतुःसीमेतील नावे तीन पिढ्यांपूर्वीची असल्यामुळे कोर्टात वर्षानुवर्षे रखडलेली प्रकरणे मी पाहिली आहेत. परंतु शेजाऱ्याशिवाय सांगता येणारी जागा ही आपल्याकडे नवी गोष्ट आहे, हे लक्षात घ्यायला हवे.

आता फोनच्या नकाशावर आपली जागा दाखवणाऱ्या त्या निळ्या ठिपक्याकडे येऊ, कारण आपली बरीचशी फसगत त्याच्यावर वाजवीपेक्षा जास्त विश्वास टाकल्याने होते. अमेरिकेची जीपीएस यंत्रणा सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांवर चालते. नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली, आणि त्याआधी शंभर मीटरपर्यंत हुकणारे साधे यंत्र एका रात्रीत दहा-वीस मीटरांवर आले. आपल्या इस्रोची नाविक यंत्रणाही आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला गेला. आजचा चांगला फोन मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरांच्या आत जागा सांगतो. पाच मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे रुंदीला दहा मीटर, आणि दहा मीटर म्हणजे जवळपास ३३ फूट, आमची जुनी एक साखळी. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. थोडक्यात, आकाश निरभ्र आणि डोक्यावर काहीही नसताना आपला फोन 'तुम्ही साधारण या गुंठ्यात आहात' एवढेच म्हणत असतो. कोकणात दीड-दोन गुंठ्यांचे पोटहिस्से पडलेले असताना त्या ठिपक्यावरून भावाभावांनी भांडावे, हे मला दर मे महिन्यात पाहावे लागते.

त्यात कोकणात आकाश मोकळे कोठे असते? घर दरीत, भोवती माड-पोफळीचे आगर, मागे जांभ्या दगडाची भिंतीसारखी दरड. उपग्रहाचा संकेत दरडीवर आपटून उशिरा पोचतो आणि फोन तेवढेच अंतर जास्त धरतो. एकदा एका पोफळीच्या बागेत मी फोन दगडावर ठेवून चहा पीत होतो. चहा संपेपर्यंत माझा ठिपका दोनदा व्हाळ ओलांडून परत आला होता. गाडीतून जाताना हे आपल्या लक्षात येत नाही, कारण रस्ता दाखवणारी ॲप ठिपक्याला जवळच्या ज्ञात रस्त्यावर ओढून बसवतात. फाट्यावर गाडी लावून आपण पाखाडीने उतरायला लागलो की मात्र गोंधळ सुरू होतो. त्या चिरेबंदी पायऱ्यांच्या वाटेवरून चार पिढ्या पाणी, सरपण, पालखी आणि प्रेते गेलेली असतात, पण नकाशाच्या माहितीत ती वाटच नसते. मग ठिपका एक तर वरच्या डांबरी रस्त्यावर चिकटून राहतो किंवा आपण हिरव्या रिकाम्या जागेत भरकटल्यासारखे दिसतो. ताईंना शेवटच्या फाट्यापासून पुढे वाट सापडत नाही, त्याचे निम्मे कारण येथे आहे. यंत्राने वाट दाखवली आणि त्यांनी ती लक्षात ठेवली नाही, असे झालेले नाही. तेवढ्या तुकड्यावर यंत्राला वाटच ठाऊक नाही, आणि पूर्वी जिला विचारले असते ती खळ्यात (अंगणात) बसलेली म्हातारी आता हिशेबात धरलेली नाही.

अशाच एका म्हातारीने मला धडा दिला. दोन चुलत घरांमधील मेर, म्हणजे हद्द, ठरवायची होती. गावच्या नकाशाची डिजिटल प्रत मी आदल्या रात्री उपग्रहचित्रावर बसवून आणली होती, त्यावरून कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश काढले होते आणि रोव्हर घेऊन त्या बिंदूवर उभा होतो. रोव्हरची अचूकता दोन-तीन सेंटिमीटरची असते. त्यासाठी त्याला मोबाइलच्या जाळ्यातून सतत दुरुस्त्या मिळाव्या लागतात, आणि त्या दरीत रेंज नसल्याने मला सकाळपासून तीन वेळा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढून उतरावे लागले होते. एवढ्या मेहनतीने मिळालेल्या बिंदूवर मी खुंटी ठोकणार, तेवढ्यात पलीकडच्या आजी म्हणाल्या, "थयसर नाय, हयसर. हयसर रतांब्याचा झाड होता, तेच्या बुडात दगड आसा. खणून बघा." खणले. हातभर खाली, कुजलेल्या मुळांच्या शेजारी, हद्दीचा जुना दगड निघाला. माझ्या बिंदूपासून तो सव्वा मीटर दूर होता. जुन्या टिपणातील, म्हणजे मूळ मोजणीच्या नोंदीतील, मापे त्या दगडापासून धरली तेव्हा बाकीचे तिन्ही कोपरे बरोबर जुळले. चूक उपग्रहांची नव्हती, माझी होती. नकाशा बसवताना मी रस्त्याचा जो कोपरा पक्का मानला होता, तो रस्ता मध्यंतरी रुंद झाला होता. यंत्राने मला चुकीच्या जागेचे ठिकाण दोन सेंटिमीटर अचूकतेने सांगितले होते.

जुन्या गावनकाशांविषयी येथेच सांगून टाकतो. त्यांतील अनेक नकाशे एका इंचाला वीस साखळ्या, म्हणजे मैलाला आठ इंच या प्रमाणात काढलेले आहेत. या प्रमाणात कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळपास चार मीटर रुंद होते. मोजणारा, नकाशा काढणारा आणि गावकरी हे तिघेही ती रेघ ढोबळ आहे हे जाणून होते, आणि तिच्या पोटातला प्रश्न बांध, दगड आणि शेजारी यांच्यावर सोपवत होते. तोच कागद स्कॅन होऊन पडद्यावर आला की दोन बोटांनी कितीही मोठा करता येतो आणि रेघ मात्र केसासारखी बारीकच राहते. त्या केसाच्या अलीकडे-पलीकडे आपला माड कोठे आहे, हे लोक मला दाखवायला येतात. समुद्राच्या भरतीरेषेचेही असेच आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्याला ती एक सरकती पट्टी म्हणून माहीत असते, आणि किनारा नियमन क्षेत्राच्या नकाशावर ती एकच रेघ होते, जिच्यावर घराची परवानगी अवलंबून असते.

आता नावे. हा भाग मला सर्वांत जास्त लागतो. आपली बहुतेक डिजिटल नावे इंग्रजी लिपीतून फिरून परत देवनागरीत येतात, आणि त्या फेऱ्यात 'ळ' आणि 'ण' वाटेतच गळतात. दाभोळचे दाभोल होते, केळशीचे केलशी, तळेऱ्याचे तलेरे, कुणकेश्वराचे कुनकेश्वर. गाडीत रस्ता सांगणारी ॲपमधली बाई हे उच्चार इतक्या आत्मविश्वासाने करते की मागच्या सीटवरची मुले तेच बरोबर धरतात. दुसरे असे की महसुली गावाचे नाव नकाशावर पुष्कळदा त्या गावाच्या क्षेत्राच्या मधोमध टाकलेले असते. घाटावरच्या एकवस्ती गावाला ते चालून जाते. कोकणात गाव म्हणजे विखुरलेल्या आठ-दहा वाड्या, आणि त्यांच्या मधोमध बहुधा उघडा सडा. मग पाहुणे नकाशावरच्या 'गावात' पोचतात तेव्हा समोर कातळ, करवंदीची जाळी आणि दोन म्हशी असतात. वाड्यांची नावे, मळ्यांची नावे, पऱ्यांची, कोंडींची, उतारांची नावे त्या नकाशात नाहीतच. त्यांच्या जागी जी नावे उमटली ती ज्यांना गिऱ्हाईक हवे त्यांनी टाकलेली: निवास-न्याहारी, उपाहारगृह, 'सनसेट पॉइंट'. जेथून बायका पिढ्यान्‌पिढ्या कालवे (शिंपल्यांतील मासळी) काढायला उतरल्या त्या खडपाचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाचे, नाव उद्या कोणी विचारले, तर फोन 'सेल्फी पॉइंट' सांगेल. नाव बदलले की जागेचे काम बदलते. लोक तेथे कालवांसाठी जात नाहीत, फोटोसाठी जातात.

दिशांचेही काहीसे असेच झाले आहे. आपल्याकडे वाट सांगताना उतार हा मुख्य आधार असतो. वरची वाडी, खालची वाडी, 'वर घाटावर', 'खाली बंदरावर' ही भाषा ज्याच्या कानात आहे, त्याला डोंगर कोणत्या अंगाला आणि समुद्र कोणत्या अंगाला हे डोळे मिटूनही कळते. फोनवरचा नकाशा आपण वळलो की आपल्याबरोबर वळतो, आणि आपला पुढचा रस्ता कायम 'वर' राहतो. समुद्राकडे उतरतानाही वर, घाट चढतानाही वर. गेली काही वर्षे माझ्याकडे शिकायला येणारी मुले यंत्र उत्तम चालवतात, पण बांधावर उभे करून समुद्र कोणीकडे विचारले तर आधी खिशात हात घालतात.

याला संशोधनाचाही काही आधार आहे. मेंदूत जागेची नोंद ठेवणाऱ्या पेशींच्या शोधासाठी जॉन ओकीफ, मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना २०१४ चे नोबेल मिळाले. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की ज्यांनी जीपीएसचा वापर जास्त केला त्यांची स्थानविषयक स्मरणशक्ती तुलनेने कमी भरली. मात्र त्या अभ्यासात ५० वाहनचालक होते आणि तीन वर्षांनी पुन्हा तपासलेले केवळ १३, त्यामुळे तेवढ्यावर 'फोनने मेंदू आटतो' अशी आरोळी ठोकणे मला योग्य वाटत नाही. आजोबांना गाव पाठ होता तो त्यांचा मेंदू वेगळा होता म्हणून नव्हे. ते त्या वाटा रोज चालत होते, आणि प्रत्येक वळणावर त्यांचे कोणाशी तरी देणेघेणे होते.

एक गोष्ट येथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. गावाची सीमा ही केवळ मोजणीने कळते असे नाही, आणि मोजणीने ती मोडते असेही नाही. मालवण तालुक्यातील आचरा गावची गावपळण प्रसिद्ध आहे. देवाचा कौल मिळाला की सारा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस तीन रात्री झोपड्यांत राहतो. कोणत्या व्हाळाच्या पलीकडे झोपडी घातली म्हणजे आपण गावाबाहेर झालो, हे तेथे कोणी फोनवर पाहत नाही. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो अशी श्रद्धा आहे, म्हणून त्याला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. गाऱ्हाणे घालताना सीमेवरच्या राखणदारांना हाका मारल्या जातात, आणि ते गाऱ्हाणे लक्ष देऊन ऐकले तर तो गावाचा तोंडी नकाशाच असतो. मोजणीदार म्हणून मला तर ती चतुःसीमाच वाटते, फक्त शेजाऱ्यांच्या जागी देव असलेली. या गोष्टी उपग्रहांनी पुसलेल्या नाहीत. शिमग्याची पालखी मात्र आता बदलली आहे. पूर्वी उतारावर घुमणाऱ्या ढोलाचा आवाज कोणत्या बाजूने येतो त्यावरून पालखी कोणत्या वाडीत आहे आणि आपल्या अंगणात यायला किती वेळ आहे, हे घरातली सगळी माणसे ताडत असत. गेल्या शिमग्यात आमच्या वाडीतल्या पोरांनी पालखीबरोबर चालणाऱ्या एकाचे लाइव्ह लोकेशन गटावर टाकले होते. पालखी नेमकी कोठे आहे ते सर्वांना कळत होते आणि सगळे टीव्ही पाहत बसले होते. आरती मात्र वेळेवर तयार होती, हेही सांगितले पाहिजे.

आता थोडे समुद्राकडे, कारण तेथे हे चित्र जवळजवळ उलटे आहे. जमिनीवर खुणांची कमी नसते. पाण्यावर एकही नसते. जुने तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, किनाऱ्यावरचे दोन डोंगर, देवळाचा कळस, एखादा उंच माड एकमेकांच्या रेषेत धरून आणि दोरीने किती वाव पाणी आहे ते पाहून आपली जागा ओळखत. किनारा दिसेनासा झाला की ही विद्या संपत असे. जीपीएस आणि मासे शोधणारे यंत्र होडीवर आले तेव्हा समुद्रात प्रथमच 'जागा' निर्माण झाल्या, असे मी म्हणेन. पाण्याखालचा एक खडक, जेथे एके वर्षी तांबोशी मासळी मिळाली, तो आकड्यांच्या रूपाने यंत्रात साठवला गेला, आणि ते आकडे घरातल्या दागिन्यांसारखे जपले जाऊ लागले. वडिलांनी मुलाला होडीबरोबर यंत्रातले बिंदू दिल्याचे मला माहीत आहे. दुसऱ्या होडीवर कामाला गेलेल्या खलाशाने ते बिंदू फोडले म्हणून बोलणे बंद झाल्याचेही माहीत आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांनी मोजलेले पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळी मिळण्याची संभाव्य क्षेत्रे कळवते, तीही अक्षांश-रेखांशांतच. तरीही मालवणच्या एका तांडेलाने मला सांगितले, "मशीन आसा, पण खाडीत शिरताना मी डोंगरच बघतंय. रेती खंय बसली ता मशीनाक काय म्हायत?" त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे. खाडीच्या मुखातील वाळूचे दांडे प्रत्येक पावसाळ्यात सरकतात, त्यामुळे गेल्या मेमध्ये यंत्रात जपलेला मार्ग ऑगस्टमध्ये होडी थेट वाळूत घालू शकतो. ठिकाण तेच राहते, जागा बदललेली असते.

सड्यावरच्या कातळशिल्पांबाबत मी द्विधा मनाने लिहितो आहे. रत्नागिरी, लांजा, राजापूर भागातील ही शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, आणि त्यांचे स्थान नोंदवण्यासाठी उपग्रहांची मदत अमूल्य आहे, कारण सपाट कातळावर गवत वाढले की अठरा मीटर लांबीचा कशेळीचा हत्तीसुद्धा दहा पावलांवरून दिसत नाही. पण एकदा बिंदू सर्वांच्या फोनवर गेला की त्या वाटेवरचा मालक, गुराखी, वाडीतला माणूस यांना विचारण्याची गरज उरत नाही, आणि गाडी थेट कातळावर चढते. राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे येथील शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. फोन स्थिर असताना नकाशावरचा दिशादर्शक बाण उपग्रहांवरून ठरत नाही, फोनमधील चुंबकीय होकायंत्रावरून ठरतो. त्यामुळे तेथे उभे राहिल्यावर तोही भरकटतो. अनेक पाहुणे फोन बिघडला समजून झटकतात. मला तो क्षण फार आवडतो. उंचीचेही असेच एक गमतीचे सांगतो: रत्नागिरीच्या मांडवीच्या वाळूत उभे राहून उपग्रहांची कच्ची उंची वाचली तर ती उणे साठ मीटरांहूनही खाली येते, कारण उपग्रह पृथ्वीच्या एका गणिती आकृतीपासून उंची मोजतात आणि भारताभोवतीची समुद्रपातळी त्या आकृतीच्या बरीच खाली आहे. नवशिक्या मदतनीसाला मी हे हटकून दाखवतो.

लाभही सांगायला हवेत, आणि ते किरकोळ नाहीत. परळच्या खोलीत बसलेला चाकरमानी उपग्रहचित्रावर आपल्या घराचे कौल मोजतो, पावसाच्या आधी मांगरावर (आवारातल्या खोपीवर) निळे प्लास्टिक घातले आहे का ते पाहण्याचा प्रयत्न करतो, आणि वर्षातून दहा दिवस दिसणारे गाव त्याच्या रोजच्या नजरेत राहते. फक्त ते चित्र आजचे नसते. एका गृहस्थांनी मोजणीला हरकत घेताना आपला मांगर उभा असल्याचे चित्र फोनवर दाखवले. प्रत्यक्षात तो पडून दोन पावसाळे झाले होते आणि चौथऱ्यावर रान माजले होते. ते काही वेळ फोनकडे आणि चौथऱ्याकडे आळीपाळीने पाहत राहिले. पत्त्याबाबतही प्रगती खरीच आहे. संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला. तो आकडा पत्र टपाल कार्यालयापर्यंत आणत असे आणि पुढे पोस्टमनची ओळख कामी येत असे. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन दहा अक्षरांत सुमारे चार मीटरांचा चौकोन सांगतो. रात्री विंचू चावलेल्या मुलासाठी रुग्णवाहिका बोलवायची असेल तेव्हा हा फरक जिवाचा आहे. स्वामित्व योजनेतील ड्रोन मोजणीने गावठाणातील घरांना सनदा मिळू लागल्या, हेही मोलाचे आहे, जरी कोकणात पुष्कळशी घरे गावठाणाबाहेर खासगी सर्व्हे नंबरात असल्याने ती त्यातून सुटतात.

आता ताईंच्या घराच्या खुणेविषयी. व्हाळाच्या पलीकडे पडलेली खूण दुरुस्त करण्यासाठी खळ्याच्या मधोमध, माडांपासून शक्य तितके दूर उभे राहावे, फोन पाच-दहा मिनिटे आकाशाखाली स्थिर ठेवावा आणि मगच बिंदू नोंदवावा. उपग्रहचित्रावरचे कौल आणि ठिपका यांत काही मीटरांचा फरक राहिला तर घाबरू नये; उताराच्या जमिनीवर चित्रच थोडे सरकलेले असते. पाखाडी नकाशावर नसेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर ती कोणालाही काढता येते आणि तेथे नाव देवनागरीत, 'ळ' आणि 'ण' यांसकट लिहिता येते. मात्र ते काम एकटीने फोन घेऊन करू नये. वाडीतील एखाद्या वयस्क माणसाला बरोबर घ्यावे, फाट्यापासून घरापर्यंत पायी उतरावे, आणि प्रत्येक वळणावर याला काय म्हणतात, हा गडगा कोणाचा, ही पायरी कोणी बसवली, असे विचारत जावे. घरी पोचल्यावर नव्या बिंदूच्या खालच्या वर्णनाच्या रकान्यात चार ओळी लिहाव्यात: पूर्वेस काय, दक्षिणेस काय, पश्चिमेस काय, उत्तरेस काय. त्या ओळींत शेजाऱ्यांची नावे टाकण्याआधी त्यांना विचारावे, आणि विचारायला जाल तेव्हा चहाला अर्धा तास हाताशी ठेवावा.